मदत हवी आहे: ५३० ऐवजी ५२० मापाची चेन घ्यावी का?
मोटारसायकलला मागे अधिक रुंद टायर बसवल्यापासून ५३० मापाच्या चेनची कड टायरला घासते आणि रबरावर चकचकीत रेघ उमटली आहे. ५२० चा पिचही (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) १५.८७५ मिमीच आहे, पण आतली रुंदी ९.५३ ऐवजी ६.३५ मिमी असल्यामुळे दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) बदलावी लागतील, याची मला कल्पना आहे. इंजिनाची ताकदही वाढवलेली असल्याने, जास्त ताण सोसणारी एक्स-रिंगची (वंगण आत टिकवणाऱ्या रबरी सीलची) ५२० घ्यावी, की मधल्या रुंदीच्या ५२५ वर थांबावे? पुढचे स्प्रॉकेट स्पेसर लावून बाहेर सरकवणे मला पटत नाही, कारण त्याने शाफ्टच्या बेअरिंगवर जादा भार येतो. हा बदल केलेल्यांनी चेन किती टिकली आणि टायरपासून किती अंतर सुटले, हे कृपया सांगावे.