मेरी रोलंडसनची बंदिवासकथा एवढी का वाचली गेली?

प्रश्न: फेब्रुवारी १६७६ मध्ये, इंग्रज वसाहतवाले आणि अमेरिकेतील मूळनिवासी यांच्यातील युद्धात, मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर गावावर मूळनिवासी योद्ध्यांनी हल्ला केला, तेव्हा धर्मोपदेशकाची पत्नी मेरी रोलंडसन मुलांसह पकडली गेली आणि सुमारे अकरा आठवड्यांनी वीस पौंडांच्या खंडणीवर सुटली. १६८२ मध्ये तिचे आत्मकथन निघाले आणि त्याच वर्षी त्याच्या चार आवृत्त्या झाल्या. बायबलच्या वचनांनी भरलेल्या या पुस्तकाची वाचकांना एवढी ओढ का वाटली असावी?

उत्तर १: ती वचनेच त्यामागचे मोठे कारण आहेत. प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट वसाहतवाल्यांचा समाज, नाटकांकडे संशयाने पाहत असे. परंतु ईश्वराने परीक्षा घेऊन तारले, अशी मांडणी असल्यामुळे ही थरारक हकिकत निर्धास्तपणे वाचता येई.

उत्तर २: मला तपशील अधिक मोलाचे वाटतात. तिची सहा वर्षांची जखमी लेक दगावते. भुकेपोटी मेरी घोड्याची अर्धीकच्ची कलेजी रक्तासकट खाते. आणि शत्रूंचा, म्हणजे लढणाऱ्या मूळनिवासींचा, प्रमुख मेटाकॉम तिच्याकडून आपल्या मुलासाठी सदरा शिवून घेऊन तिच्या हातावर एक शिलिंग ठेवतो. ज्यांना ती रानटी म्हणते, त्यांचा हा सरळ व्यवहार तिने स्वतःच नोंदवला आहे, म्हणून मला तिचे लेखन विश्वसनीय वाटते.

उत्तर ३: मेटाकॉमच्या मुलाला मात्र युद्धानंतर वसाहतवाल्यांनी गुलाम म्हणून विकले, हेही येथे नोंदवले पाहिजे. शिवाय सर्वच बंदिवान परतले नाहीत. १७०४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधीलच डीअरफील्ड गावातून नेलेली युनिस विल्यम्स ही मुलगी मोहॉक या मूळनिवासी लोकांतच वाढली, तेथेच तिने लग्न केले आणि वडिलांनी विनवूनही ती माहेरी राहायला आली नाही.