अनुभव धागा: घरचा रामरगाडा आणि अर्धी राहिलेली गोधडी

सलग वेळ मिळत नाही ही तक्रार इथे नको, ती सगळ्यांचीच आहे. वीस मिनिटं, पाऊण तास असा फुटकळ वेळ मिळतो तेव्हा गोधडीचं किंवा शिवणाचं काम कसं तोडता, कुठे थांबवता, आणि भलत्या जागी थांबलं की नेमकं काय बिघडतं, ते लिहा. मापं आकड्यांत द्या, 'अंदाजे थोडं जास्त' नको.

नऊचौकट

नक्षी निवडण्याआधी चौकोन मोजा. 48 × 60 इंचांची गोधडी 12 इंची चौकोनांत केली तर 20 चौकोन लागतात, 6 इंचीत केली तर 80. आठवड्याला 4 मोठे चौकोन धरले तर 5 आठवडे, ओळी जोडायला 1, तिन्ही थर (वरचा, मधलं भरण, खालचं अस्तर) एकत्र टाचायला 1, टाके घालायला 2 ते 3, काठाच्या पट्टीला 1. झाले दहा-अकरा आठवडे. कुणाला ठरल्या तारखेला द्यायची असेल तर वर दोन आठवडे आजारपणाचे आणि परीक्षांचे धरा, ते लागतातच.

तुटक वेळेला सगळ्यात सोयीची नक्षी म्हणजे नऊ चौकटींची. कापडाची पूर्ण रुंदी (42 इंच धरा) घेऊन 2½ इंचांच्या 5 गडद आणि 4 फिक्या पट्ट्या कापा. गडद-फिकी-गडद असे दोन संच लांबीत शिवा, फिकी-गडद-फिकी असा एक. इस्त्री करा आणि प्रत्येक संचाचे 2½ इंचांवर आडवे काप काढा. एका संचातून 16 निघतात. पहिल्या प्रकारचे 32 आणि दुसऱ्याचे 16, म्हणजे बरोबर 16 चौकोन, उरत काही नाही. शिवून प्रत्येक 6½ इंच भरतो, गोधडीत 6 इंच (कडेचा पाव-पाव इंच पुढच्या जोडात जातो). यात थांबायला जागाच जागा आहेत: पट्ट्या कापून झाल्यावर, संच शिवून झाल्यावर, काप काढल्यावर.

कात्रण

कापणी तुकड्यातुकड्यांत करू नये असं माझं ठाम मत. एकदाच दोन-तीन तास काढा आणि सगळं कापून टाका. कारण सोपं आहे: कापताना हिशोब डोक्यात असतो, दहा दिवसांनी तो नसतो, आणि मग 2½ ऐवजी 2 इंचांच्या पट्ट्या निघतात. शिवण उसवता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही.

45 मिमीचा रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा), 6 × 24 इंचांची मोजपट्टी, आणि एका वेळी चारच थर. सहा थर केले की खालचे सरकतात. मधेमधे दोरे न कापता राहायला लागले तर पातं बदला, जोर लावू नका. जोर लावला की मोजपट्टीच सरकते.

कापलेलं प्रत्येक चौकोनाप्रमाणे वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीत एक चिठ्ठी: सुईचा नंबर, टाक्याची लांबी, दोऱ्याचा रंग, आणि पुढची एक कृती. 'चौकोन 7 चालू' असं लिहून उपयोग नाही. 'डावी पट्टी लावायची, इस्त्री गडद बाजूला' असं लिहा.

उरेप

कात्रण यांचं म्हणणं चौरस आणि आयतांपुरतं मान्य. त्रिकोणांना हे लागू करू नका. त्रिकोणाची लांब कड उरेप (कापडाच्या विणीला तिरकी) येते, पिशवीत चार आठवडे इकडून तिकडे झाली की ताणते, आणि मग चौकोन पतंगासारखा होतो.

त्रिकोण कापायचेच नाहीत. गोधडीत 4 इंच भरणारा जोडचौकोन हवा असेल तर गडद-फिके 5 इंची चौरस घ्या, सुलट बाजू समोरासमोर ठेवा, मागे कर्णरेषा काढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा. इथे थांबा. न कापता हे चौरस कितीही दिवस राहू द्या, उरेप कड अजून उघडी नाही. वेळ मिळाला की रेषेवर कापा, इस्त्री दाबून उचला (फिरवायची नाही, आणि वाफ बंद), मग छाटून 4½ इंच करा. एका जोडीतून दोन मिळतात. हिशोबाने 4⅞ इंचही पुरतात, पण मग छाटायला काही उरत नाही आणि तिथेच मापं हुकतात.

माया_पाव_इंच

सगळे जोड पाव इंचाच्या मायेवर (शिवणीबाहेर सोडलेल्या कडेवर) असतात आणि वेगवेगळ्या दिवशी शिवताना तीच हलते. एका ओळीत 9 तुकडे म्हणजे 8 शिवणी. माया दोन्ही तुकड्यांतून जाते, त्यामुळे प्रत्येक बाजूला 1/16 इंच जास्त गेला तर एका शिवणीत ⅛ जातो आणि ओळ अख्खा 1 इंच आखूड होते. मग शेजारची ओळ 'जरा ओढून' जुळवली जाते आणि गोधडी सपाट बसत नाही.

म्हणून मोठ्या खंडानंतर मशीनवर बसलात की आधी चाचणी: 1½ इंचांचे तीन तुकडे शेजारी शिवा, इस्त्री करा. मधला नेमका 1 इंच भरला पाहिजे. कमी भरला तर सुई किंचित उजवीकडे सरकवा किंवा मशीनच्या फूटच्या (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या भागाच्या) शेजारी चिकटपट्टीची खूण नव्याने लावा. इस्त्रीच्या घडीत दोऱ्याची जाडी जाते, त्यामुळे शिवण पाव इंचापेक्षा केसभर कमीच लागते. आणि एक गोधडी एकाच मशीनवर संपवा. दोन मशीनचा पाव इंच एक नसतो.

साखळी

वीस मिनिटांत काय होतं? तुकडे आधी जोडीने टाचून ठेवलेले असतील तर बरंच. दोरा न तोडता एकामागून एक जोड्या फूटखाली सारत जायच्या, मधे दोन टाक्यांची रिकामी साखळी. इस्त्री आणि कात्री मशीनवरून उठल्यावर. तोरण तसंच गुंडाळून ठेवलं तरी क्रम बिघडत नाही. तोडायचं काम घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला बोथट टोकाच्या कात्रीने छान जमतं.

4 ते 6 बॉबिन (खालच्या दोऱ्याच्या रिळी) आधीच भरून ठेवा. आणि घाईत हमखास होणारा घोळ: कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा कारण वर असतं. फूट खाली असताना दोरा ओवला की तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही. फूट वर करून पुन्हा ओवा.

पुसट_रेघ

खुणांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. हवेत उडून जाणारी शाई थांबत थांबत काम करणाऱ्यांच्या कामाची नाही, दुसऱ्या दिवशी रेघ शोधत बसाल. पाण्याने जाणाऱ्या शाईवर चुकून इस्त्री फिरली तर डाग पक्का होऊ शकतो. उष्णतेने जाणारी शाई थंडीत परत उमटते. आठवडे जाणार असतील तर खडू, किंवा बोथट सुईने ओढलेली घडी. चिकटपट्टी कापडावर महिनाभर ठेवू नका, गोंद उरतो.

दुमड

गोधडीवाल्यांनी धागा ताब्यात घेतला आहे, तर कपड्यांचं थोडं.

कापड आणलं की घरच्या नेहमीच्या धुण्यातच टाकायचं. कापलेल्या कडांना आधी झिगझॅग मारा, नाहीतर दोरे सुटून गोळा होतो. गडद कापडासोबत पांढरी चिंधी टाका. चिंधी रंगली तर ते कापड फिक्याजवळ वापरायचं नाही.

कापणीनंतर थांबणार असाल तर गळ्याला आणि मुंड्याला (बाही बसते त्या गोलाला) कडेपासून 5–6 मिमीवर एक साधी टीप मारून मगच थांबा. ते गोल म्हणजे अर्धे उरेप, खुंटीवर लटकले तरी लांबतात. उलट उरेप घेराचा स्कर्ट मुद्दाम एक दिवस टांगायचा, कापड जेवढं ओघळायचं तेवढं ओघळलं की मग घेर सारखा करून दुमडायचा. सक्तीची सुट्टी असलेलं हे एकच काम!

थकल्यावर करू नयेत अशी तीन: बाही बसवणं, चेन लावणं, काज करणं. काज तर उसवताना कापडच फाटतं.

मुलांचा कपडा सावकाश होणार असेल तर एक माप मोठा कापा आणि खाली 2 ते 3 इंच दुमड द्या. दुरुस्तीची टोपली कपड्याप्रमाणे नाही, दोऱ्याच्या रंगाप्रमाणे लावा. पांढरा दोरा ओवला की पांढरी सगळी कामं एका बैठकीत.

तीन_थर

सगळ्यात जास्त गोधड्या इथे अडकतात, कारण याला जमीन लागते आणि घरात जमीन रिकामी नसते. वरचा थर 48 × 60 असेल तर भरण 54 × 66 आणि अस्तर 56 × 68. अस्तराचं कापड 42 इंच पन्ह्याचं असेल तर जोड आडवा घ्या: 58 इंचांचे दोन तुकडे, म्हणजे सुमारे 3 मीटर. जोड उभा घेतलात तर 70 चे दोन लागतात, साडेतीन मीटरच्या वर. काठाची विणलेली किनार आधी कापून टाका, ती धुतल्यावर वेगळी आकसते. माया अर्धा इंच ठेवून शिवण उघडी इस्त्री करा.

अस्तर चिकटपट्टीने जमिनीला ताठ बसवा, पण ताणू नका. ताणलं की सुटल्यावर मागे सुरकुत्या पडतात. वाकड्या सेफ्टी पिना दर 4 इंचांवर, मुठीएवढ्या अंतराने, मधून बाहेर. टाके महिन्याभरात संपणार नसतील तर पिना नकोतच. दमट हवेत गंजतात आणि डाग जात नाही. त्याऐवजी 2 इंची कच्चे टाके घाला.

मशीनवर टाके: वॉकिंग फूट (सगळे थर सारखे पुढे सरकवणारा), 90/14 सुई, टाका 3 ते 3.5 मिमी. पहिली रेघ मधोमध, मग एकेका बाजूला. रेघ अर्धवट सोडून उठू नका, कडेपर्यंत नेऊनच थांबा. दोन रेघांत किती अंतर चालेल ते भरणाच्या पाकिटावर असतं. ते ओलांडलं तर धुण्यात भरण आत गोळा होतं.

अंगुस्तान

वाट बघण्याच्या वेळेला हातकाम. डब्यात अंगुस्तान, छोटी कात्री, जोडायचे 10 षट्कोनी तुकडे आणि आधीच ओवलेल्या 8–10 सुया. दोरा 18 इंचांहून लांब नको, गाठी पडतात. निघताना आणि परतल्यावर सुया मोजा. रोज.

रोटरी कटरचं पातं प्रत्येक कापानंतर बंद. अगदी 'आत्ता येते' म्हणून उठलात तरी. मशीनचा प्लग काढा आणि पायटा (पायाने दाबायचं पेडल) वर उचलून ठेवा, रांगणाऱ्या बाळाला तो पहिला सापडतो.

नवीन_बॉबिन

48 × 60 ला काठाच्या पट्ट्या किती कापायच्या? कात्रण म्हणतात तसं एकदाच सगळं कापायचंय.

कात्रण

घेर 216 इंच, कोपऱ्यांना आणि जोडाला 10, एकूण 226. एका पट्टीतून तिरपा जोड धरून 40 इंच मिळतात, म्हणजे 6 पट्ट्या. रुंदी 2½ इंच, तर 15 इंच कापड, 40 सेंटीमीटर घ्या. पण ही मात्र आत्ता कापू नका, जोडून गुंडाळून ठेवलेली पट्टी चिंध्यांत हरवते. कापड घडी करून वर चिठ्ठी टाचा: '2½ च्या 6'.