मदत हवी आहे: सी प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षरं मोजताना 'दऱ्या' अडतोय

नमस्कार मंडळी,

सी शिकताना सगळ्यांनी केलेला प्रोग्रॅम आहे: स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांची ओळ) घ्यायची आणि तिच्यात स्वर किती, व्यंजनं किती, आकडे किती ते सांगायचं. इंग्रजीसाठी चालतो. मला तोच मराठीसाठी हवाय, कारण अभंग लिहिणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होईल. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरं लागतात. एक-दोन कडवी बोटांवर मोजता येतात, पण अख्खी वही तपासायची तर प्रोग्रॅमच हवा.

'महाराष्ट्र'ला स्ट्रलेन (सीचं लांबी बाइटमध्ये सांगणारं फंक्शन) ३० सांगतं, कारण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि या शब्दात चिन्हं दहा आहेत: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. म्हणून आधी तीन-तीन बाइट जोडून युनिकोडचा, म्हणजे त्या चिन्हाला ठरवून दिलेला, आकडा काढतो. 'म'चे बाइट २२४, १६४, १७४. पहिल्याचे खालचे चार बिट आणि पुढच्या दोघांचे खालचे सहा-सहा बिट जोडले की २३५० मिळतो. मग तो कुठे बसतो ते बघतो: २३०९ ते २३२४ स्वर, २३२५ ते २३६१ व्यंजन, २३६६ ते २३८० मात्रा, २३८१ हलन्त.

अक्षरांसाठी 'मागचं' नावाचं व्हेरिएबल ठेवलंय. स्वर आला की अक्षर वाढवायचं, व्यंजन आलं तर मागचं चिन्ह हलन्त नसेल तरच वाढवायचं. महाराष्ट्र ४, विठ्ठल ३, दर्या २, सगळं बरोबर. पण 'दऱ्या' मी टाइप केला तर २ येतात आणि एका जुन्या फाइलमधून घेतला तर ३! स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. शिवाय 'ॲप'मध्ये एकच अक्षर मोजलं जातं. उबुंटूवर जीसीसी हा कंपायलर वापरतोय. नेमकं कुठे बघू?

प्रतिसाद १

दोन्ही शब्दांचे आकडे छापून बघा. तुम्ही टाइप केलेल्यात २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६ येतील, म्हणजे ऱ हे स्वतंत्र चिन्ह. फाइलमधल्यात बहुतेक २३४२, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६ असतील. तो ८२०५ म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. साध्या र चा रफार न होता असा आडवा र दिसावा म्हणून तो घालतात. तो डोळ्यांना दिसत नाही, पण तुमच्या 'मागचं'मध्ये हलन्ताच्या जागी जाऊन बसतो आणि य नवं अक्षर ठरतो. ८२०५ आणि त्याचा भाऊ ८२०४ आले की 'मागचं' न बदलता पुढे जा.

बाइट अनसाइन्ड कॅर (ऋण आकडे नसलेला एका बाइटचा प्रकार) म्हणून वाचताय ना? नेहमीच्या पीसीवर जीसीसीचा साधा कॅर साइन्ड असतो, त्यात २२४ चा -३२ होतो. असा ऋण आकडा इझअल्फाला (अक्षर आहे का ते तपासणाऱ्या फंक्शनला) देणंही सीच्या नियमात बसत नाही.

प्रतिसाद २

माझं मत विचाराल तर 'मागचं' काढूनच टाका. प्रत्येक व्यंजनात अ धरलेला असतो आणि हलन्त तो काढून घेतो. म्हणून सरळ हिशोब:

अक्षरं = स्वर + व्यंजनं - हलन्त;

महाराष्ट्रात व्यंजनं ६, हलन्त २, उरले ४. दऱ्यात ३ वजा १, मध्ये जॉइनर असो वा नसो. 'अर्थात्' घ्या. तुमच्या पद्धतीने ३ येतील, पण अभंगात शेवटचा पाय मोडलेला त् वेगळा मोजत नाहीत. इथे स्वर १, व्यंजनं ३, हलन्त २, उत्तर २. मात्रा, अनुस्वार, विसर्ग यांना हातच लावायचा नाही.

प्रतिसाद ३

ॲ चा आकडा २४१८. हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, म्हणून बाकीच्या स्वरांपासून लांब पडलंय. जुन्या मजकुरात अ पुढे ॅ ची मात्रा लावलेली सापडेल, ती तुमच्या टप्प्यांत आपोआप बसते. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, तेव्हा स्वरांच्या अटीत २४१८ हाताने घाला. अभंग म्हटल्यावर ॐ सुद्धा येणारच, तो २३८४.

धागाकर्ता

फाइलमध्ये खरंच ८२०५ निघाला. वजाबाकीचा हिशोब घातला, दोन्ही दऱ्या २, ॲप २, अर्थात् २. ॐ एक अक्षर म्हणून वेगळा धरलाय. क्ष आणि ज्ञ मध्ये दोन-दोन व्यंजनं मोजली जातात, ती तशीच ठेवतोय. हलन्त वजा झाल्यावर अक्षर एकच उरतं, त्यामुळे चरणाचा आकडा चुकत नाही.