शब्दचर्चा : 'इत्तेकिमास'ला मराठीत काय म्हणावं?

एक मैत्रीण जपानी बालकथा मराठीत आणते आहे. शाळेला निघालेली मुलगी दारातून 'इत्तेकिमास!' म्हणून ओरडते आणि आतून आई 'इत्तेराश्शाइ!' म्हणते. याला मराठीत काय लिहायचं, असा तिचा प्रश्न आहे. मी तोक्योत निशी-कासाईला राहते. सकाळी जिन्यात हे दोन शब्द दारोदारी ऐकू येतात. पाठीवर रांदोसेरु, म्हणजे ते कडक चामडी दप्तर, अडकवलेली पोरं चपला-बुटांत पाय घालता घालताच ओरडतात.

माझं उत्तर सरळ आहे : 'जाऊन येते' आणि 'जाऊन ये'. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येतो किंवा येते. जपानीत क्रियापदाला लिंग नसल्यामुळे दोन्ही चालतं. बाकी रचना तंतोतंत आपलीच. 'जाऊन'सारखं 'ऊन' प्रत्यय लागलेलं धातुसाधित आणि पुढे 'येणे'. इतका बेमालूम जोड मला दुसऱ्या कुठल्या जपानी शब्दात सापडलेला नाही. 'निघते' किंवा 'टाटा' लिहिलं तर परत येण्याचा शब्दच गळून पडतो, आणि घरातल्यांना ऐकायचा असतो तो नेमका तोच.

वापर मात्र जुळत नाही. आपण पाहुणे म्हणून गेलेल्या घरून निघतानाही 'येतो' म्हणतो, कारण 'जातो' म्हणणं अशुभ. जपानीत 'इत्तेकिमास' जिथं परत यायचं तिथंच म्हणतात : स्वतःचं घर, किंवा दुपारी ग्राहकाकडे जाऊन पुन्हा यायचं असेल तर ऑफिस. संध्याकाळी ऑफिसातून घरी निघताना ते चालत नाही.

प्रतिसाद : ताई, मग पाहुणा निघताना काय म्हणतो? आणि दुकानात शिरल्यावर ओरडतात तो 'इराश्शाइमासे' आणि हा 'इत्तेराश्शाइ' एकाच घरातले का?

हो, एकाच क्रियापदाचे. 'इराश्शारु' हे जाणे, येणे, असणे या तिन्हींचं आदरार्थी रूप आहे. दुकानदाराच्या 'इराश्शाइमासे'ला उत्तर द्यायचं नसतं. नवीन आलेले आपले लोक प्रत्येक वेळी थांबून नमस्कार करतात, मला ते मनापासून आवडतं, पण गरज नसते.

पाहुण्याचा शब्द फार खोल आहे. घरात शिरताना 'ओजामाशिमास', निघताना त्याचंच भूतकाळी रूप 'ओजामाशिमाश्ता'. 'जामा' म्हणजे अडथळा. या शब्दातला 'मा' मूळचा आपल्याकडचा : बुद्धाच्या साधनेत विघ्न आणणारा मार. संस्कृत 'मार' लिहिण्यासाठी चीनमध्ये एक नवं अक्षर घडवलं गेलं, ते बौद्ध ग्रंथांबरोबर जपानला आलं, आणि साधनेतलं विघ्न झिजत झिजत शेजाऱ्याच्या घरी जाण्याचं सौजन्य झालं. बोलताना अर्थातच कुणाच्या मनात मार नसतो. मराठीत मी 'जरा त्रास देते हं' असं लिहीन.

हे म्हणण्याची जागाही ठरलेली. दार उघडल्यावर 'गेन्कान' लागतं, खालच्या पातळीवर. तिथल्या जमिनीला 'ताताकी' म्हणतात, तिथं बूट निघतात. समोर लाकडी कड असते, 'आगारिकामाची', तिच्यावरून पाऊल टाकलं की घर सुरू. मोज्याचा पाय ताताकीला लागू द्यायचा नाही. वर चढल्यावर पाहुण्यानं वाकून आपले बूट दाराकडे तोंड करून ठेवायचे, यजमानाकडे शक्यतो पूर्ण पाठ न करता. माझ्या शेजारच्या आजी ही सगळी हालचाल एका दमात करतात, बूट काढणं, वळणं, गुडघा टेकणं, बूट फिरवणं, आणि बोलणं मध्ये तुटत नाही. यजमान म्हणतात, 'ओआगारी कुदासाइ'. शब्दशः 'वर या'.

प्रतिसाद : कोकणात आमच्याकडे अंगणात माणूस दिसला की 'वर या' हाच शब्द. ओटीवर चढायचं असतं म्हणून. 'आत या' म्हटलं तर उलट परकेपणा वाटतो.

तेच. तिथंही घर उंचावर आहे, म्हणून स्वागतही 'वर'चं. दादा, ही जोडी मी माझ्या वहीत लिहून घेतली.

प्रतिसाद : ऑफिसातून निघतानाचं राहिलं.

'ओसाकिनि शित्सुरेइ शिमास'. तुमच्या आधी निघण्याचा उद्धटपणा करते, असा भाव. बसलेले लोक 'ओत्सुकारेसामादेश्ता' म्हणतात. 'त्सुकारे' म्हणजे थकवा, म्हणजे आपलं 'दमलात हो'. याचाच जोडीदार 'गोकुरोसामा', तोही श्रमांची दखल घेणारा, पण तो वरिष्ठानं कनिष्ठाला म्हणायचा, असा आजचा संकेत. साहेबांना म्हटलं तर खटकतं. 'ओत्सुकारेसामा' मात्र कुणालाही चालतं, म्हणून नव्यानं नोकरीला येणाऱ्यांना मी हाच एक शब्द आधी पाठ करायला सांगते.

आता मैत्रिणीच्या गोष्टीचा शेवट. मुलगी परत येते आणि म्हणते 'तादाइमा', आई म्हणते 'ओकाएरि'. 'तादाइमा'चा शब्दार्थ 'आत्ताच', 'आत्ताच परतले' या वाक्यातला उरलेला तुकडा. 'ओकाएरि' म्हणजे परतणं, तेही आदरानं. 'स्वागत आहे' असं इथं कृपया लिहू नका. घरच्या पोरीचं कुणी स्वागत करतं का? नारिता विमानतळावर हा फरक उघड दिसतो : जपानी अक्षरांत 'ओकाएरिनासाइ' आणि परदेशी प्रवाशांसाठी इंग्रजीत स्वागत. एकटे राहणारेही रिकाम्या घरात शिरताना 'तादाइमा' म्हणतात, मीही म्हणते.

मराठीत मी लिहीन : 'आई, आले गं!' आणि आतून, 'आलीस? हात-पाय धू.' हात-पाय मूळ गोष्टीत नाहीत, पण इथल्या आयाही ओकाएरिनंतर लगेच हात धुवायलाच पाठवतात, तेव्हा ठेवायला हरकत नसावी.