वसतिगृहातील वाचन-लेखनाचा तास: मुलींच्या वह्या कोणी वाचाव्यात का?

रेक्टर_मॅडम

मी एका विद्यापीठातील मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. आमच्याकडे पदव्युत्तर वर्गांच्या मुली राहतात आणि त्यांपैकी बऱ्याच जणी विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या आपापल्या घरातल्या पहिल्याच आहेत. पहिल्या सत्राचा निकाल लागला की जिन्यात बसून ‘सगळं ठीक आहे’ असे फोनवर घरी सांगणाऱ्या आणि मग दोन-दोन दिवस मेसकडे न फिरकणाऱ्या मुली मला दरवर्षी दिसतात. समुपदेशक बुधवारी दुपारी येतात. परंतु त्या खोलीत शिरताना कोणी पाहिले तर काय, या धास्तीने तिकडे फारसे कोणी जात नाही.

म्हणून रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास वाचन आणि लेखन, असा उपक्रम सुरू करावा असे मनात आहे. प्रस्तावाच्या नमुन्यात ‘मूल्यमापन कसे करणार’ असा एक रकाना आहे आणि तो भरण्यासाठी दर शनिवारी वह्या जमा करून तपासाव्यात, उत्तम लेखनाला बक्षीस द्यावे, असे सहकाऱ्यांनी सुचवले आहे. मला ते पटत नाही. पण का पटत नाही, हे बैठकीत नीट मांडता आले नाही. वह्या कोणी वाचाव्यात का, आणि मुलींना वाचायला काय द्यावे, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. धुळ्याकडच्या एका मुलीने अहिराणीत लिहिले तर चालेल का, असेही विचारले आहे.

समुपदेशक_नाशिक

आपली शंका रास्त आहे. मनातले लिहून काढण्याविषयीचा बहुचर्चित प्रयोग विद्यार्थ्यांवरच झाला होता. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 46 विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटे लिहायला सांगितले होते. काहींना किरकोळ विषय दिले होते, तर काहींना आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहायचे होते. प्रसंग आणि त्या वेळच्या भावना असे दोन्ही ज्यांनी लिहिले, त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या खेपा पुढच्या काही महिन्यांत इतरांच्या तुलनेत कमी राहिल्या. मात्र लिहून झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांचे मन अधिक खिन्न झालेले आढळले, ही बाब उत्साहाच्या भरात सांगायची राहून जाते. पुढे 2006 मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी अशा 146 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरी परिणाम खरा पण लहान असल्याचे दिसले. तेव्हा प्रस्तावात चमत्काराची भाषा नसावी.

या लेखनपद्धतीत शुद्धलेखनाची आणि व्याकरणाची पर्वा न करता हात न थांबवता लिहायचे असते. ज्या वहीवर तांबडी शाई फिरणार आहे, त्या वहीत असे कोण लिहील? अहिराणीला तर अवश्य होकार द्यावा. रडू ज्या भाषेत येते त्याच भाषेत लिहिणे सोपे जाते. पेनेबेकर यांना असेही दिसले की ज्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आले’ अशा अर्थाचे शब्द वाढत जातात, त्यांना लाभ अधिक होतो. तेच दुःख त्याच शब्दांत रोज उगाळणाऱ्या मुलीला म्हणूनच वेगळी वाट दाखवावी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. तिच्यात घटना, त्या घटनेविषयी आपण धरलेली समजूत आणि झालेला परिणाम असे तीन रकाने आखतात. ‘केटी लागली’ (एका विषयात नापास झाले) ही घटना आणि ‘मी घराण्याचे नाक कापले’ ही समजूत वेगवेगळ्या रकान्यांत पडली, की निदान दुसऱ्या रकान्याशी वाद घालता येतो.

लिहिताना फार त्रास होऊ लागला तर तिथेच थांबावे, हे पहिल्याच दिवशी सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो. तो वहीच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवून ठेवा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, तर वही बाजूला ठेवून तिला एकटी न सोडणे हेच काम.

माजी_वसतिगृहवासी

मॅडम, कृपया वह्या जमा करू नका. मी ज्या महाविद्यालयात शिकले (नाव सांगत नाही), तिथे दर शनिवारी रोजनिशी द्यावी लागे आणि ती परत मिळे तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाखाली रेघा असत. एकदा माझ्या रूममेटने वडिलांच्या दारूविषयी लिहिले. ते ‘फार हृदयस्पर्शी’ वाटल्यामुळे स्नेहसंमेलनात वाचून दाखवण्यात आले; नाव वगळले होते, पण गावच्या जत्रेचा उल्लेख तसाच राहिल्यामुळे पहिल्या दोन वाक्यांतच सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. पुढच्या शनिवारी जमा झालेल्या झाडून सगळ्या वह्यांत पाऊस, सूर्योदय आणि आईच्या हातची भाकरी होती.

ग्रंथपाल_काका

वाचनाविषयी थोडे लिहितो. स्पर्धा परीक्षेत यश मिळवलेल्या अधिकाऱ्यांची आत्मकथने कृपया पहिल्या दिवशी ठेवू नका. मागणी त्यांनाच असते हे मी रोज पाहतो. परंतु नुकत्याच नापास झालेल्या मुलीला दुसऱ्याच्या जिद्दीची 200 पाने वाचून उभारी येतेच असे नाही, पुष्कळदा अधिकच खचल्यासारखे होते.

त्यापेक्षा जुने दिवाळी अंक काढा. 1909 मधल्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून चालत आलेली ही परंपरा आपल्याकडे सुतळीने बांधून माळ्यावर पडलेली असते आणि दर दोन वर्षांनी तिला रद्दीचा रस्ता दाखवला जातो. त्यातली कथा वीस-पंचवीस मिनिटांत मोठ्याने वाचून होते. लिव्हरपूलमध्ये जेन डेव्हिस यांनी सुरू केलेल्या ‘द रीडर’ या संस्थेच्या गटांत असेच मोठ्याने वाचतात, मध्ये थांबतात आणि कोणाला वाटले तर बोलतात. यातली सोय अशी, की मुलगी कथेतल्या सुनेविषयी बोलते आणि स्वतःविषयी काही न सांगता बरेच सांगून जाते. एक छोटी सूचना: अंक घरी न्यायचा असेल तर नोंदवहीत सही मागू नका. कोणी काय नेले याची नोंद राहणार म्हटले की ‘नैराश्य’ हा शब्द छापलेले पान कोणी उचलत नाही.

रेक्टर_मॅडम

सर्वांचे आभार. वह्या मुलींच्याच कपाटात राहतील आणि आठवड्यातले तीन दिवस केवळ सामूहिक वाचन होईल, असे ठरवले आहे. मूल्यमापनाच्या रकान्यात ‘उपक्रम किती रात्री चालला’ एवढेच लिहिले असून, ते नामंजूर झाले तर मंजुरीशिवाय मेसमध्येच बसू. काकांच्या सांगण्यावरून ग्रंथालयाकडे चौकशी केली, तेव्हा अंकांचे तीन गठ्ठे रद्दीसाठी दाराशी येऊन पडले होते; ते वसतिगृहात आणवले आहेत. अहिराणीवालीला होकार कळवला. त्यावर तिने तत्काळ विचारले, की मग तिच्या चुका कोण काढणार, कारण अहिराणी तिने आजवर कधी लिहिलेलीच नाही.