साज, पैठणी, नथ, कंबरपट्टा सगळं एकदम? का एकच भारी घालायचं आणि बाकी साधं?

आठवी_गल्ली

परवा मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेलो (होय, मी मुलगी आहे आणि मी 'गेलो'च म्हणतो, पुणेकरांनी लगेच सुरू व्हायचं नाही). कोल्हापुरातच, कावळा नाक्याकडचा हॉल, आत शिरलो तर समोरच एक काकू. पैठणी, तिचा काठ चांगला वीतभर, गळ्यात कोल्हापुरी साज, वर ठुशी, खाली मोहनमाळ, नाकात नथ, कंबरपट्टा, आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून हातात मोत्यांची पर्स. एकेक वस्तू बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. पण घरी आल्यावर आईनं विचारलं साज कसा होता गं, बारा पानांचा का एकवीस, तर मला सांगता येईना. जरीवर सोनं, सोन्यावर सोनं, दिसणार काय डोंबल.

तर माझं मत असं की एका वेळी अंगावर नवरी एकच पाहिजे, बाकी सगळ्या करवल्या. मी स्वतः काय घातलं तेही सांगतो म्हणजे नुसती बडबड नको. आजीची जुनी इरकल होती, जांभळट, लाल टोप पदराची. तिचं गुडघ्यापर्यंत लांब जॅकेट शिवून घेतलं, पाठीवर पूर्ण पदर येईल असं. आत काळा प्लेन कॉटनचा कुर्ता, खाली ऑफ-व्हाइट सरळ पँट, कानात छोट्या कुड्या, पायात साधी कापशी चप्पल. निघताना आईच्या आग्रहानं ठुशी घातली होती, आरशात बघितलं आणि काढून ठेवली. हॉलमध्ये सात-आठ जणींनी तरी पाठ फिरवायला लावून जॅकेट बघितलं.

आणि आत्यानं विचारलं, गळा मोकळा का गं, विकलंस काय?

म्हणून इथं विचारालोय. मी चुकतोय का?

कळंब्याची_सून

चुकालीस. नवरी एकच हे मान्य केलं तरी जरा नवरीच्या अंगाकडं बघ की, तिच्या अंगावर काय एकच वस्तू असते होय? मुंडावळ्या, नथ, चुडा, साज, शालू, जोडवी, सगळं असतंय आणि ते सगळं मिळूनच नवरी दिसते. नऊवारी, नथ, साज, अंबाड्यावर गजरा हा आमच्याकडं एकच ड्रेस आहे गं, त्यातलं एक काढून दुसरं ठेवलं तर ते अर्धवट वाटतं, ताटात भाकरी आणि पिठलं वाढून ठेचा द्यायचा विसरल्यासारखं.

दुसरं म्हणजे तो साज लॉकरमधनं वर्षातनं बाहेर येतो किती वेळा? माझा दोनदा. दिवाळी आणि कुणाचं तरी लग्न. त्या दोन दिवसांत पण मी हे घालू का ते घालू करत बसू काय? पैठणीही तशीच, कपाटात मलमलच्या कापडात गुंडाळून. एकदाच बाहेर काढतो तर सगळं घालतो आणि मिरवतो. त्या काकूंना पण तेच वाटलं असणार.

तुझं जॅकेट छानच असणार, त्याबद्दल काही नाही. पण तुझा नियम साखरपुड्याला लावू नको, ऑफिसला लाव.

गुजरीचा_पोरगा

दोघींचं वाचलं. आमचा सराफीचा धंदा बुडवायला आठवी गल्ली निघालीय हे दिसतंयच, तरी पण मी तिच्या बाजूनं बोलणार आहे, घरात कळलं तर जेवण बंद.

साजाचं बघा. पूर्ण साजात 21 पानं असतात, मासा, कूर्म असे दशावतार, अष्टमंगल, माणिक-पाचूची दोन, आणि शेवटी डोरलं. प्रत्येक पानावर वेगळं काम. मधे जवमणी, आत लाख आणि वर सोन्याचा पत्रा, म्हणून दिसायला एवढा दांडगा आणि हातात घेतला तर त्या मानानं हलका. आता एवढं बारीक काम ज्यानं केलंय त्यानं ते कुणीतरी जवळ येऊन बघावं म्हणूनच केलंय की. ते तुम्ही मोरांच्या जरीवर ठेवलं तर कारागिराचे कष्ट मातीत. गडद एकरंगी ब्लाऊज, बाटली हिरवा नाहीतर वांगी, गळा जरा मोठा आणि गोल, आणि पदर खांद्यावर नीट चापून बसवलेला, साजावर घसरणारा नको. मग बघा प्रत्येक पान सुटं दिसतं.

आणि ठुशी-साज एकत्र घालायचंच असेल तर निदान दोन्हीत चार बोटं अंतर ठेवा. ठुशी गळ्याला घट्ट, साज खाली मोकळा, आणि मोहनमाळ त्या दिवशी घरी. गिऱ्हाईक आलं की मी हे सांगतो, बाबा मागनं डोळे वटारतात.

शिलाई_मशीन

मला एक कळेना, सगळे साजावर घसरले पण मूळ प्रश्न राहिलाच. आजीची इरकल कापली?? ते वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. तीस वर्षं मशीनवर बसतोय, रोज कोणतरी पोरगी आईची नाहीतर आजीची साडी घेऊन येते, 'काका याचं क्रॉप टॉप करा'. इरकलीचा टोप पदर अंगाच्या कापडाला कसा जोडतात माहितेय का, पदराचा ताणा वेगळा रेशमाचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला एकेक धागा अडकवून जोडलेला असतो. हातमागावर ते करायला किती वेळ जातो. आणि तुम्ही त्याला कात्री लावणार, एका साखरपुड्यासाठी. साडी नेसा की. नऊवारी येत नसेल तर शिका.

आठवी_गल्ली

काका (काकाच म्हणतो), रागावू नका. साडी आधीच गेलेली होती. घडी घालून वर्षानुवर्षं ट्रंकेत, घडीच्या रेषेवर उभी विरलेली, नेसायला घेतली तर टर्र झाली असती. आई गोधडीला लावणार होती. म्हणून म्हटलं गोधडीपेक्षा जॅकेट बरं. चांगली साडी कापायला माझाही विरोधच आहे, तेवढं आधी लिहायला पाहिजे होतं.

शिलाई_मशीन

मग ठीक. हे आधी सांगायचं, बीपी वाढवलंस.

आता विषय निघालाच आहे तर बाकीच्यांसाठी लिहितो. जुनं रेशीम नुसतं शिवलं तर पहिल्यांदा हात वर केला की काखेत फाटतं, कारण ताण सगळा शिवणीवर येतो. मागनं हलकं पेस्टिंग (इस्त्रीनं चिकटवायचं कापड) नाहीतर मऊ सुती अस्तर पाहिजेच आणि ताण अस्तरानं घ्यायचा, वरच्या कापडानं नाही. अंगात घट्ट शिवायचंच नाही. घडीची विरलेली रेषा कुठं येते ते आधी खडूनं आखून घ्यायचं आणि ती रेषा बाजूच्या शिवणीत नाहीतर कापून टाकायच्या भागात जाईल असं कटिंग बसवायचं. लाल पदर असेल तर आधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग सोडला तर आतला कुर्ता फिका घालायचा नाही, उन्हाळ्यात घामानं गुलाबी होईल. हिनं काळा घातला ते नशीब का अक्कल माहीत नाही.

आणि बाही मनगटापर्यंत रुंद ठेवू नका, पंगतीत तांबडा रस्सा पहिला बाहीलाच लागतो. माझ्याकडं असली दोन जॅकेटं परत आलीत, हळदीचा डाग रेशमातनं निघत नाही ओ, काही लावा.

पुण्यात_अडकलेली

मला एकूणच हा 'स्टेटमेंट पीस' प्रकार परवडत नाही, पैशानं नाही, लोकांच्या लक्षात राहण्यानं. प्लेन निळा कुर्ता मी दहा वेळा घातला तरी कुणाला पत्ता नाही. पण एकदा खणाची लाल केप घालून एका लग्नाला गेले तर पुढच्या वर्षी दुसऱ्या लग्नात तिसरीच बाई म्हणे 'अगंबाई, तीच ना ती केप?' म्हणजे भारी वस्तूला आयुष्य एक फोटोचं. आठवी गल्ली, तू ते जॅकेट आता परत कधी घालणार सांग बरं, तेच नातेवाईक, तोच हॉल.

(आणि 'मी गेलो' वर मी काही बोलणार नव्हते पण तूच विषय काढलास. इथं येऊन तीन वर्षं झाली, ऑफिसमध्ये 'गेले' म्हणायला लागले, गावाकडं फोन केला की आपोआप 'गेलो' येतं.)

पायताण

नाद खुळा चर्चा. पण सगळं बायकांचंच चाललंय, आम्ही काय उघडं फिरतो काय?

पुरुषांना घालायला असतंय काय, शर्ट आणि पँट. त्यामुळं आमची नवरी एकच, कोल्हापुरी चप्पल. आणि तिचीच लोक वाट लावतात. खाली लोळणारी जीन्स घालतात, चप्पल निम्मी झाकली जाते, मागची टाच जीन्सवर पाय देऊन झिजते. अरे भावा, चप्पल दाखवायची असेल तर पँट घोट्याच्या वर ठेव, सरळ शिवलेली, पांढरा नाहीतर खाकी रंग, वर साधा खादी शर्ट, बास. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा जो रंग येतो ना, तो पांढऱ्याखाली असा उठून दिसतोय की दुसरं काय लागतच नाही. त्यावर आणि फेटा, जाकीट, तीन अंगठ्या, गॉगल घातला की माणूस प्रचाराला निघाल्यासारखा दिसतो.

2019 ला चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. मग 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानला तसलीच चप्पल रॅम्पवर आणली, आधी कोल्हापूरचं नाव पण घेतलं नाही, इथं ओरडा झाला तेव्हा कबूल केलं. तेव्हापासनं माझ्या ऑफिसातली ज्या पोरांनी आयुष्यात कोल्हापुरातला चपलांचा बाजार, चप्पल लाईन, बघितली नाही ती पण विचारालेत 'कुठली घेऊ'. घ्या, पण जूनमध्ये घेऊन पावसात घालू नका. भिजली की तळ फुगतो, मग लोक उन्हात नाहीतर गॅसजवळ वाळवतात आणि ती पापडासारखी वाकडी होते. सावलीत वाळवा, तेलाचं बोट फिरवा, आणि गणपती झाल्यावर बाहेर काढा.

कळंब्याची_सून

@पायताण फेट्याला काही बोलायचं काम नाही. आमच्या ह्यांचा फेटा आणि कोल्हापुरी, दोन्ही पाहिजेच. वर तुरा आणि खाली कर्र कर्र. मधे काय घातलंय कोण बघतंय?

पायताण

वहिनी, मधे साधं असेल तर दोन्ही चालतंय, तेच तर सांगालोय 😄

इचलकरंजी_लूम

थोडं कडू बोलतो. ही इरकल, खण, चप्पल वगैरे 'स्टेटमेंट' कुणासाठी? माझी आजी इरकल नेसून भांगलायला जायची. चिखलात. काष्टा घालून. तिच्यासाठी ते रोजचं कापड होतं, धुऊन परत तेच. पायताण पण तसंच, नांगरामागं चालायला केलेलं. आता तेच कापड काळ्या कुर्त्यावर चढवलं की सात जणी पाठ फिरवायला लावतात. मला त्यात चूक दिसत नाही, पण नवरी आणि करवली कापडात नसते, कोण घालतंय आणि कुठं घालतंय त्यावर ठरतं. शेतात जी करवली होती ती हॉलमध्ये नवरी झाली.

आणि खणाचं तर संपलंच. पॉवरलूमवर आम्हीच पॉलिस्टरचा एवढा काढलाय की उशीला खण, डायरीला खण, मोबाईलच्या पाऊचला खण, लहान पोरांच्या टोपीला खण. पुण्यातल्या ताईंची केप लोकांच्या लक्षात राहिली हे त्यांचं नशीब, आता दहा बायकांत चार जणी खणात असतात. सगळ्याच नवऱ्या म्हटल्यावर जेवायला कोण वाढणार.

आठवी_गल्ली

लूम दादा, हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. माझी आजी पण ती इरकल नेसून भाजी निवडत बसायची, मला आठवतंय, पदराला हात पुसायची. जॅकेटच्या पाठीवर खाली एका कोपऱ्यात तेलकट डाग आहे, शिवणाऱ्या काकांनी विचारलं होतं हा भाग कापू का. नको म्हटलं. तो कुणाला दिसत नाही, मला माहीत आहे.

पण तुमच्या बोलण्यानं माझं मत बदललं नाही. उलट ते कापड एवढं बघण्यासारखं असेल तर त्याच्याशेजारी दुसरं काही नकोच.

@पुण्यात_अडकलेली परत घालणार की. पुढच्या आठवड्यात लग्नच आहे, त्याच बहिणीचं. आत काळ्याऐवजी मोरपंखी प्लेन साडी नेसणार आणि जॅकेट बटणं न लावता वर, पदर आतनं. केस वर बांधणार म्हणजे पाठ दिसेल. ज्यांना ओळखायचं त्यांनी ओळखावं, जॅकेट एकच आहे माझ्याकडं.

गुजरीचा_पोरगा

मोरपंखीवर जांभळट-लाल? बेत भारी आहे. दागिना नको म्हणालीस तरी एखादी बारीक चांदीची, हुपरीची... बरं राहू दे, जेवण बंद झालंय ते झालंयच.

आठवी_गल्ली

लग्न झालं, सांगायला आलो. साडी जॅकेट जमलं. आत्यानं या वेळी गळ्याबद्दल काही विचारलं नाही कारण आईनं ठुशी पर्समधनं आणलीच होती, अक्षता पडल्या पडल्या मागनं येऊन गळ्यात अडकवली, वर नथ पण. मी काढणार तेवढ्यात फोटोवाला आला. कळंब्याच्या सूनबाई, तुम्हाला तो फोटो आवडेल म्हणून इथं टाकत नाही.