गुहागरला वाडीतल्या घरात पिल्लू आणतोय, आधी काय काय आवरून ठेवू?

वाडीवरचा_बंड्या:
नमस्कार मंडळी. गणपती झाले की मामेभाऊ दापोलीहून गावठी कुत्रीचं पिल्लू देणारे, तेव्हा ते दोनेक महिन्यांचं असेल. घर गुहागरजवळ, जुनं, पुढे पडवी आणि सारवलेलं खळं, मागे नारळ-पोफळीची वाडी नि विहीर. घरी आई-बाबाच असतात, मी चिपळूणला नोकरीला, शनिवार-रविवार जातो. आत्तापर्यंत केलंय ते म्हणजे चार्जरच्या वायरी वर टांगल्या, बाबांच्या बीपीच्या गोळ्या टेबलावरून उचलून कपाटात टाकल्या, चपलांना स्टँड आणला. विहिरीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा आहे, त्यावर मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधावं म्हणतोय, ओळखीत फुकट मिळतंय. अजून काय बघू? आई जरा घाबरलीय कारण मे महिन्यात एक पिल्लू आणलेलं ते चार दिवसांत गेलं, उलट्या आणि रक्ताची हगवण, कोणी म्हणालं नजर लागली कोणी म्हणालं माशाचा काटा लागला. यावेळी चूक नको.

पोफळी_आणि_पाऊस:
जाळं नको रे बाबा. आम्ही हाच शहाणपणा केलेला, टिप्या कठड्यावर चढला, पुढचा पाय जाळ्यात गेला आणि जेवढा ओढेल तेवढं ते आवळत गेलं, शेवटी विळीने कापून काढला. पंजा दोन दिवस भोपळ्यासारखा. आणि त्या नायलॉनमधे साप अडकतात ते वेगळंच. सरळ लोखंडी फ्रेम करून वेल्डमेश (चौकोनी लोखंडी जाळी) मारून घे, बिजागरी लाव म्हणजे पाणी काढताना उघडता येईल. न्हाणीघराजवळचा हौद पण झाक, अर्धा भरलेला हौद विहिरीपेक्षा वाईट, त्याला कडेवर चढता येत नाही आणि आवाज पण होत नाही.
दुसरं, सुपारी. खळ्यात वाळत घालता ना? त्यातलं अरेकोलीन पूर्वी कुत्र्यांना जंतावर औषध म्हणून द्यायचे म्हणे, पण प्रमाण जास्त झालं की लाळ, उलट्या, थरथर. पिल्लाला तर ते गोल गोल खेळणंच वाटतं, आणि अख्खी सुपारी गिळली तर आतड्यात अडकायची भीती वेगळी. वाळवण माचावर उंच घाल.
तिसरं, माडावर उंदरासाठी विषाचा केक ठेवता का? आमच्याकडे शेंड्यात ठेवलेला केक वाऱ्याने खाली पडायचा. ब्रोमॅडिओलोनवाला (रक्त गोठू न देणारं विष) असेल तर गंमत अशी (गंमत कसली) की कुत्रं पहिले दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतं आणि मग हिरड्यातून, शौचातून रक्त. त्यावर व्हिटॅमिन के१ चालतं पण वेळेत द्यायला लागतं, म्हणून पाकिटाचा फोटो मोबाईलमधे ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतात.

देवगडचो_आजो:
आमच्या येळाक कुत्र्याक कोण रे इंजेक्शनां देयत? पेजेर वाढली ती.
बाकी एक सांगतो ते मात्र ऐक. घराच्या मागे चिऱ्यांचा ढीग, नारळाच्या सोडणांचा ढीग, झावळ्या असं काय असेल तर आधी हलव. फुरसं तिथंच बसतं. वीतभर असतं, दिसत नाही, अंग अंगावर घासून खरखर आवाज करतं आणि पिल्लू मुद्दाम तिकडेच नाक घालायला जातं. चावलंच तर करकचून बांधू नको, कापू नको, चालवू नको, उचलून गाडीत घाल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारांवर एकच लस असते, पण ती कुठल्या दवाखान्यात आहे ते आजच फोन करून विचारून ठेव. रात्री खळ्यात बांधून ठेवू नको, बिबट्या वाडीत येतो हे तुला सांगायला नको.

खुंटीवरचा_आला:
आजोबा, पेजेवर दहातली किती वाढली ते पण सांगा. 😄
@बंड्या मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तू वायरी, चपला सगळं लिहिलंस आणि खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळीत ढकललीस. मे महिन्यातल्या पिल्लाचं वर्णन पार्वोचं (पिल्लांना होणारा जीवघेणा, पसरणारा आजार) वाटतंय. बघितल्याशिवाय खात्रीने बोलणार नाही, पण तसंच धरून चाल. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, उन्हातल्या जमिनीत पाचेक महिने, सावलीत सातेक. तुझी वाडी म्हणजे सगळी सावलीच, आणि मे पासून आत्ता चारच महिने होतायत. नजर बिजर नाही, ते पिल्लू जिथे जिथे हगलं तिथे तो अजून असू शकतो.

वाडीवरचा_बंड्या:
बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं. ते खळ्यातच पडून असायचं, आईने रोज फिनाईल टाकून धुतलं आणि नंतर परत सारवलं पण. मग आता खळ्याचं काय करू? ब्लीचिंग टाकू?

खुंटीवरचा_आला:
फिनाईलवर भरवसा ठेवू नको, पार्वो त्याला दाद देत नाही. घरातल्या लाद्या, भांडी, पिंजरा यांना ब्लीच चालेल, कपडे धुवायचं लिक्विड ब्लीच एक भाग पाणी ३० भाग, आधी साबणाने नीट धुवून मग ते लावायचं आणि १० मिनिटं ओलं ठेवायचं. फिनाईलमधे किंवा संडास साफ करायच्या ॲसिडमधे मिसळू नकोस, ॲसिडबरोबर विषारी वायू होतो. पण शेणानं सारवलेल्या जमिनीवर काही उपयोग नाही, शेण-मातीत ब्लीचचा जोर मरतो. जुन्या पिल्लाचं अंथरूण, दोरी, पट्टा, वाडगा असेल तर जाळून टाक, जपून ठेवू नको, आई नक्की ठेवणार.
लसीचं असं की पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत. एक डोस दिला की झालं असं नसतं, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लस खाऊन टाकते म्हणून परत परत द्यायचे. रेबीजची १२ आठवड्यांनी. आणि लस लेप्टोवाली (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या आजारावरची) माग, आपल्याकडे पावसात उंदीर नि साचलेलं पाणी दोन्ही. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लू लादीवाल्या भागातच, खळ्यात सोडायचंच नाही.
हे जमत नसेल तर मार्चमधे आण, किंवा सगळ्या लसी झालेलं सहा-आठ महिन्यांचं कुत्रं आण. रुसू नको.

पोफळी_आणि_पाऊस:
बरोबर. आणि गोचिडी दिसल्या म्हणून बाबांना गोठ्यातलं गुरांचं औषध चोळू देऊ नको, आमच्या शेजाऱ्यांनी केलं होतं, पिल्लू दिवसभर झटके देत होतं. वाचलं, पण बघवत नव्हतं.

समुद्राकाठची_वेंधळी:
कोणी लिहिलं नाही म्हणून, किनाऱ्यावर न्याल तेव्हा दोरी लावूनच. जाळ्यातून फेकून दिलेला केंड मासा वाळूत फुगून पडलेला असतो, चेंडूसारखा, आणि तो विषारी. आमच्या लकीने तोंडात धरलेला, मी हात घालून बाहेर काढला, चिरलेली बोटं अजून आहेत. आणि पंचखाद्यातल्या मनुका! गणपतीत येणारा जाणारा प्रत्येक जण कौतुकाने भरवतो, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला त्या चालत नाहीत.

वाडीवरचा_बंड्या:
सगळ्यांना थँक्यू. आत्ता आईशी बोललो, जुन्या पिल्लाचा पट्टा देवघराच्या खुंटीला लावून ठेवलाय म्हणाली. जाळायला तयार नाही, रडली. मामेभावाला सांगितलंय पिल्लू तुझ्याकडेच ठेव, लसी तिकडेच पूर्ण करू, खर्च माझा. तो म्हणतो दिवाळीपर्यंत ठेवतो पण मग नाव मी ठेवणार. वेल्डिंगवाला रविवारी येतोय, वेल्डमेश किती इंची घेऊ, दोन का एक?

पोफळी_आणि_पाऊस:
एक. दोनमधून पंजा जातो.